शिकागोच्या बर्फातून ऑफिस गाठताना

शिकागोत नव्याने आलेल्या मराठी माणसाची पहिली गल्लत बर्फ पडायच्या आधीच होते. टीव्हीवरची निवेदिका हसतमुखाने सांगते, उद्या सकाळी दहा अंश. पुण्यात दहा अंश म्हणजे स्वेटर, कानटोपी आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात शेकोटीचा फोटो. हा गडी तेवढ्याच तयारीने बाहेर पडतो. निवेदिकेचे दहा अंश मात्र फॅरनहाइटमधले असतात, सेल्सिअसमध्ये ते उणे बारा भरतात. कोपऱ्यावरच्या बसथांब्यापर्यंत पोचेपर्यंत हा हिशेब कानाच्या पाळ्यांना कळलेला असतो.

दुसरी गल्लत जास्त महागात पडते. नवा माणूस विचारतो, बर्फ किती इंच पडणार? मुरलेला माणूस विचारतो, पारा कुठे आहे? इंचांवरून फावडं किती वेळ मारावं लागेल एवढंच कळतं. गाडी ब्रेक लावल्यावर थांबेल का, रस्त्यावर टाकलेलं मीठ काम करेल का, लोकल वेळेवर सुटेल का, हे सगळं पाऱ्यावर ठरतं. मिशिगन सरोवराच्या काठावरच्या या शहराची खोड अशी, की जानेवारीत दिवसाचं सरासरी कमाल तापमान जेमतेम शून्य अंश असतं आणि रात्री पारा उणे सात-आठपर्यंत उतरतो. वर्षाकाठी सरासरी ३८ इंच, म्हणजे जवळपास मीटरभर बर्फ पडतो. तो दुपारी थोडा वितळतो, रात्री पुन्हा गोठतो आणि सकाळी सात वाजता त्याच्यावरून लाखो माणसं कामाला निघतात.

ऐकायला उफराटं वाटेल, पण कडक थंडीचा बर्फ त्यातल्या त्यात सज्जन. उणे पंधराला पडलेला बर्फ कोरडा, भुसभुशीत असतो. बुटाखाली करकर वाजतो, गाडीवरून नुसत्या झाडूने निघतो, मुलांनी कितीही दाबला तरी त्याचा गोळा वळत नाही. त्याच्यावर पाय टिकतो. पारा उणे एक-दोनवर आला की हाच बर्फ बेभरवशाचा होतो, कारण बर्फाच्या पृष्ठभागावरचे रेणू आतल्या रेणूंसारखे घट्ट बांधलेले नसतात. गोठणबिंदूच्या खालीही तिथे द्रवासारखा एक अतिशय पातळ थर असतो. मायकेल फॅरडेने १८५० मध्येच या थराकडे बोट दाखवलं होतं. वजनाच्या दाबाने बर्फ वितळतो आणि म्हणून आपण घसरतो, असं शाळेत शिकवायचे. पण माणसाच्या वजनाने बर्फाचा वितळणबिंदू अंशाच्या अगदी बारीक भागाने खाली येतो, तेवढ्याने काही होत नाही. खरं काम तो मूळचा थर आणि घर्षणाची ऊब करतात. पारा शून्याच्या जितका जवळ, तितका हा थर जाड.

गाडी चालवणाऱ्यासाठी याचं गणित सरळ आहे. ताशी ५० किलोमीटरच्या वेगाने जाणारी गाडी कोरड्या डांबरावर ब्रेक दाबल्यापासून साधारण १५ मीटरमध्ये थांबते. दाबल्या गेलेल्या बर्फावर घर्षण इतकं घटतं, की तिला ५० मीटरच्या आसपास लागतात. गुळगुळीत बर्फावर हेच अंतर १०० मीटरच्या घरात जातं. यात ड्रायव्हर दचकून ब्रेकवर पाय नेईपर्यंतचं अंतर धरलेलं नाही. चारही चाकांना ताकद देणारी मोठी गाडी घेतली म्हणजे आपण सुटलो, हा इथल्या मराठी मंडळींत हटकून आढळणारा समज. ती गाडी बर्फात रुतत नाही, सिग्नलवरून झोकात निघते, सगळं खरं. पण थांबताना तिलाही चारच टायर आणि तोच रस्ता. पहिल्या मोठ्या बर्फानंतर हायवेच्या कडेच्या चरात कलंडलेल्या गाड्यांत अशा धिप्पाड गाड्या भरपूर दिसतात.

टायरचं म्हणाल तर साध्या टायरचं रबर सुमारे सात अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं आणि रस्ता धरायचं सोडतं. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं, खाचाही खोल असतात. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च असे टायर लावणं कायद्याने सक्तीचं आहे. शिकागोत तशी सक्ती नाही, त्यामुळे बहुतेक लोक बारमाही टायरवरच भागवतात. माझं मत विचाराल तर रोज ४० किलोमीटर गाडी हाकणाऱ्याने गाडीतल्या मोठ्या स्क्रीनवर खर्च करण्याआधी हिवाळी टायरवर करावा.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे गोठणारा पाऊस. वरच्या उबदार हवेतून थेंब पाणी म्हणून निघतो, जमिनीलगतच्या थंड थरात शून्याच्या खाली जातो, पण गोठायला त्याला आधार मिळत नाही. रस्ता, झाडाची फांदी, विजेची तार, गाडीची काच, जे लागेल त्यावर आदळून तो तिथल्या तिथे गोठतो. सगळं जग काचेचा मुलामा दिल्यासारखं लखलखतं. इंचांच्या भाषेत हे काहीच नसतं, पाव इंच फार झालं. पण बारा इंच बर्फात कामावर गेलेली माणसंही या पाव इंचाला घाबरून घरी बसतात, आणि त्यांचं बरोबर आहे. याचाच भाऊ म्हणजे इथे ज्याला ब्लॅक आइस म्हणतात तो. दुपारी वितळलेलं पाणी रात्री रस्त्यावर पातळ, पारदर्शक पापुद्रा होऊन गोठतं. खालचं डांबर दिसत राहतं, रस्ता नुसता ओला वाटतो. पुलांवर हे आधी होतं, कारण रस्त्याला खालून जमिनीची ऊब असते आणि पुलाला वरून-खालून दोन्हीकडून गार हवा. म्हणून हायवेच्या पुलांपाशी तशा सूचनेच्या पाट्या असतात. उन्हाळ्यात त्या पाट्या विनोदी वाटतात.

यावर महापालिकेचा उतारा म्हणजे मीठ. आपल्या खडेमिठासारखंच, पण खाणीतून काढलेलं आणि मळकट. मीठ बर्फाला 'जाळतं' असं लोक म्हणतात. प्रत्यक्षात बर्फावरच्या त्या पातळ थरात ते विरघळतं, मिठाचं पाणी तयार होतं आणि मिठाच्या पाण्याचा गोठणबिंदू शून्याच्या खाली असतो. पुरेसं मीठ घातलं तर तो उणे २१ पर्यंत ढकलता येतो. पण ही झाली प्रयोगशाळेतली सीमा. रस्त्यावर उणे नऊ-दहाच्या खाली मीठ इतकं संथ काम करतं, की ते टाकून फारसा उपयोग नसतो. मग त्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळतात. ते विरघळताना उष्णता सोडतं आणि बऱ्याच खालच्या तापमानालाही काम करतं. काही ठिकाणी बिटाचा रसही मिसळतात, त्याने मीठ रस्त्याला चिकटून राहतं. वादळाच्या आधी कोरड्या रस्त्यावर पांढऱ्या समांतर रेघा दिसल्या, की समजावं टँकरने मिठाचं पाणी आधीच शिंपडून ठेवलंय. बर्फ रस्त्याला चिकटूच नये म्हणून ही तजवीज, आणि नंतर मीठ ओतण्यापेक्षा ती स्वस्त पडते.

मिठाची किंमत मात्र सगळेच मोजतात. गाड्यांचे पत्रे खालून गंजतात, बुटांवर पांढरे नकाशे उमटतात, पुलांच्या काँक्रीटमधल्या सळ्या सडतात आणि वसंतात सगळं मीठ वाहून ओढ्या-नाल्यांत जातं, तिथून पुढे नदीत. ते पाण्यातून काढायचा परवडणारा उपाय कुणाकडे नाही. तरी आपल्या फुटपाथवर बादली बादली मीठ ओतणारे शेजारी प्रत्येक गल्लीत असतातच. चार टाइलांच्या जागेला मूठभर पुरतं.

आता सकाळच्या कामाकडे वळू. उपनगरात घर असेल, तर गाडी काढायच्या आधी घरापुढचा उतार मोकळा करावा लागतो. पाच मीटर रुंद, दहा मीटर लांब जागेवर सहा इंच बर्फ साचला, तर तो साडेसात घनमीटर होतो. साधारण दहा इंच बर्फाचं एक इंच पाणी होतं, या हिशेबाने त्याचं वजन साडेसातशे किलो. शून्याजवळचा ओला बर्फ असेल तर दुप्पट. हे सगळं दोन हातांनी, पहाटेच्या अंधारात, चहाच्या आधी. त्यात पालिकेचं बर्फ ढकलणारं यंत्र रस्ता साफ करत जातं आणि नेमकं तुमच्या उताराच्या तोंडाशी दगडासारख्या घट्ट बर्फाचा बांध घालून जातं. थंडीने रक्तवाहिन्या आखडतात, हातांच्या श्रमाने रक्तदाब चढतो, म्हणून हृदयविकाराच्या झटक्यांबद्दल अमेरिकेतले डॉक्टर दर हिवाळ्यात बजावतात. पन्नाशीच्या पुढच्यांनी, आणि विशेषतः मुलाकडे हिवाळ्यात राहायला आलेल्या हौशी वडिलांनी, हे फावडं हातात घेऊ नये. शेजारचा पोरगा वीस-पंचवीस डॉलरांत करून देतो.

गाडीचीही स्वतःची कुरकुर असते. उणे १८ ला बॅटरीची ताकद जवळपास निम्म्यावर येते आणि इंजिनातलं तेल घट्ट झाल्याने तिला कामही जास्त पडतं. टायरमधली हवा दर साडेपाच-सहा अंशांमागे एक पीएसआयने उतरते, म्हणून पहिल्या थंडीच्या सकाळी अर्ध्या गल्लीच्या गाड्यांत पिवळा दिवा लागलेला असतो. काचेवर गोठलेला थर उकळतं पाणी ओतून काढू नये, काच तडकते. टपावरचा बर्फ तसाच ठेवून निघू नये. ब्रेक मारला की तो सगळा पुढच्या काचेवर येतो, नाही तर हायवेवर मागच्याच्या काचेवर. बंद गॅरेजमध्ये इंजिन तापवत ठेवणं तर जिवाशी खेळ आहे. आणि कुठे अडकून पडलात, तर हीटर लावण्याआधी खाली उतरून धुराड्याचं तोंड बर्फाने बुजलं नाही ना, ते बघा. बुजलं असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नसतो.

विजेच्या गाड्यांचं कौतुक करणाऱ्यांची जानेवारी २०२४ च्या थंडीच्या लाटेत शिकागो परिसरात परीक्षा झाली. गारठलेली बॅटरी विद्युतभार हळू घेते, त्यात हीटरही तिच्यावरच चालतो. चार्जिंगच्या ठिकाणी तासन्‌तास रांगा लागल्या. पण म्हणून या गाड्या थंड देशात चालत नाहीत असं म्हणणं घाईचं आहे. नॉर्वेत विकल्या जाणाऱ्या दर दहा नव्या गाड्यांत आठांहून जास्त विजेच्या असतात. तिथे लोक घरी रात्रभर चार्जिंग करतात आणि निघण्याआधी बॅटरी उबदार करून घेतात.

यातलं काहीच नको म्हणणारा शहाणा माणूस लोकल धरतो. नेपरव्हिल आणि ऑरोरा या उपनगरांत भारतीय वस्ती मोठी, मराठी घरंही पुष्कळ. तिथून मेट्रा या उपनगरी रेल्वेची दुमजली लोकल शहरातल्या युनियन स्टेशनला जाते, नेपरव्हिलपासून ते अंतर सुमारे ४५ किलोमीटर. बर्फात रेल्वे रस्त्यापेक्षा भरवशाची, पण तिचंही एक दुखरं ठिकाण असतं: सांधा. रूळ बदलताना सांध्याची हलती पट्टी शेजारच्या रुळाला घट्ट टेकली पाहिजे. त्या फटीत मूठभर बर्फ जरी दाबला गेला, तरी पट्टी पुरती टेकत नाही, सिग्नल लाल राहतो आणि मागे गाड्यांची रांग लागते. म्हणून सांध्यांपाशी रुळांच्या बाजूने गॅसच्या नळ्या टाकलेल्या असतात आणि थंडीत त्या पेटवतात. निळ्या-पिवळ्या ज्वाळांची रांग रुळांना चाटत असते आणि त्यांच्यामधून लोकल निघून जाते. दर हिवाळ्यात हे चित्रण जगभर फिरतं, शिकागोने रुळांना आग लावली म्हणून. आग रुळांना नसते, त्यांच्या कडेच्या बर्नरला असते. डिझेलच्या इंजिनाला त्याचा काही धोका नसतो. इतर ठिकाणी हेच काम गरम हवेचे पंखे किंवा विजेच्या कांड्या करतात.

कडाक्याच्या थंडीत मात्र खरोखरच रुळांना आग दाखवावी लागते. पोलाद गारठलं की आखडतं. एक किलोमीटर लांबीचा रूळ मोकळा सोडला आणि पारा ४० अंशांनी उतरला, तर तो सुमारे अर्धा मीटर आखूड होईल. पण रूळ मोकळा नसतो, स्लीपरांना जखडलेला असतो. त्यामुळे त्यात ताण साठत जातो आणि एखाद्या जोडाशी तो तुटून फट पडते. मग कामगार रॉकेलमध्ये भिजवलेला दोर रुळाच्या कडेने अंथरतात आणि पेटवतात. रूळ तापतो, फुगतो, दोन टोकं पुन्हा जवळ येतात आणि बोल्ट बसवले जातात. हे काम उणे वीस-पंचविसात उघड्यावर चालतं. गाडी बारा मिनिटं उशिरा आली म्हणून घड्याळ बघणाऱ्यांनी एकदा या माणसांकडेही बघावं.

शहरातली उन्नत रेल्वे, जिला सगळे 'एल' म्हणतात, ती रुळांलगतच्या तिसऱ्या रुळातून ६०० व्होल्टची वीज घेते. त्या रुळावर बर्फाचा पापुद्रा बसला की वीज मिळत नाही. म्हणून वादळाच्या रात्री रिकाम्या गाड्याही पुन्हा पुन्हा फिरवत ठेवतात आणि गाडीखालच्या खरवडण्या तो रूळ साफ करत जातात. एलच्या फलाटावर एक बघण्यासारखी गोष्ट असते. छताला लावलेले शेकायचे दिवे, भिंतीवर एक बटण. बटण दाबलं की दिवे लालसर होतात आणि काही मिनिटांनी आपोआप विझतात. त्यांच्याखाली पाच-सहा माणसांपुरती जागा असते आणि तिथे पंधरा उभी असतात. वकील, नर्स, विद्यार्थी, हमाल, सगळे खांद्याला खांदा लावून, एकमेकांकडे मुळीच न बघता. दिवे विझले की कुणाचा तरी हातमोज्यातला हात मुकाट्याने पुढे होतो आणि बटण दाबतो. पायांशी कबुतरंही दाटीवाटीने शेकत असतात आणि गाडी आली तरी ती जागा सोडत नाहीत.

शहराच्या मध्यभागी, ज्याला लूप म्हणतात तिथे, १९५१ पासून बांधत आणलेलं भुयारी रस्त्यांचं जाळं आहे. सुमारे आठ किलोमीटर लांबीचं हे जाळं काही स्टेशनं, कचेऱ्या, न्यायालयं आणि दुकानं आतून जोडतं. नकाशा विचित्र आहे आणि वाट मध्येच संपते, तरी शिकून घेण्यासारखी गोष्ट आहे.

शून्याच्या फार खाली गेलं की प्रश्नच बदलतो. तेव्हा घसरण्याची भीती मागे पडते आणि उघड्या कातडीची पुढे येते. अंटार्क्टिकात पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसेल या दोघांनी पाण्याने भरलेलं प्लॅस्टिकचं नळकांडं वाऱ्यात टांगून ते गोठायला किती वेळ लागतो ते मोजलं आणि वाऱ्यामुळे जाणवणाऱ्या थंडीचा हिशेब तिथून सुरू झाला. आजचं सूत्र २००१ मध्ये अमेरिका आणि कॅनडाने मिळून सुधारलं. त्यानुसार पारा उणे १५ वर असेल आणि वारा ताशी ३० किलोमीटरचा, तर चेहऱ्याला ते उणे २६ सारखं लागतं. वाऱ्याने कातडी लवकर थंड होते, पण हवेच्या तापमानाखाली काहीच जात नाही, म्हणून हा आकडा माणसासाठी आहे, गाडीच्या इंजिनासाठी नाही. ३० जानेवारी २०१९ ला ओहेअर विमानतळावर पारा उणे ३० च्या खाली उतरला आणि वाऱ्यासकटचा आकडा उणे ४५ च्याही खाली. तेवढ्यात उघडं नाक किंवा बोट पाच-दहा मिनिटांत बधिर होऊन गोठू शकतं. शाळा बंद होत्या, टपाल खात्यानेही शिकागोच्या इलिनॉय राज्यात टपाल वाटणं थांबवलं. पाऊस असो की बर्फ, टपाल पोचवणारच अशी ख्याती असलेल्या खात्याने दार लावून घेतलं, यावरून काय ते समजा. बधिर झालेला भाग चोळू नये आणि चुलीशी धरू नये, कोमट पाण्यात धरावा.

इथल्या राजकारण्यांना बर्फाची भीती प्रवाशांहून जास्त वाटते आणि त्याला कारण आहे. १९६७ च्या २६ आणि २७ जानेवारीला शिकागोत २३ इंच बर्फ पडला, एका वादळातला हा आजवरचा उच्चांक. गंमत म्हणजे दोनच दिवस आधी पारा १८ अंशांवर होता आणि लोक कोट काढून फिरत होते. कामावर गेलेली हजारो माणसं गाड्या आणि बस रस्त्यात सोडून चालत निघाली, कित्येकांनी रात्र कचेरीत किंवा हॉटेलच्या लॉबीत काढली. शहराने ते दैवाचा कोप म्हणून सोडून दिलं.

१९७९ मध्ये लोकांनी सोडून दिलं नाही. १३ आणि १४ जानेवारीला, म्हणजे ऐन संक्रांतीला, सुमारे २० इंच बर्फ पडला, तोही आधीच्या बर्फावर. महापौर मायकेल बिलँडिक सांगत राहिले, की परिस्थिती आटोक्यात आहे. शाळांची पटांगणं साफ केली आहेत, गाड्या तिथे नेऊन लावा. लोक गेले, तर पटांगणं बर्फाने भरलेली. त्यात गाड्या वेळेवर धावाव्यात म्हणून एलच्या काही गाड्या शहरातल्या कृष्णवर्णीय वस्त्यांमधल्या स्टेशनांवर न थांबता पुढे नेल्या गेल्या. गोठलेल्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसासमोरून त्याची गाडी न थांबता निघून गेली. हे कुणी विसरत नसतं. फेब्रुवारी अखेरीस पक्षांतर्गत निवडणूक झाली, बिलँडिक हरले आणि जेन बर्न पुढे शिकागोच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. शहराच्या राजकारणावर तोवर घट्ट पकड असलेल्या पक्षयंत्रणेला बर्फाने पाडलं, असं इथे अजून सांगतात. मला वाटतं, तिला पाडलं ते न थांबलेल्या गाड्यांनी आणि साफ न केलेल्या पटांगणांनी. बर्फ फक्त निमित्त झाला.

त्यानंतरच्या प्रत्येक महापौराने बर्फाची यंत्रं आधी बाहेर काढली आणि मग ढगांकडे बघितलं. तरी २०११ ने गाठलंच. १ फेब्रुवारीच्या संध्याकाळी सरोवराकाठच्या लेक शोअर ड्राइव्हवर अपघात होऊन वाहतूक तुंबली आणि शेकडो गाड्या बर्फात गाडल्या गेल्या. सरोवरावरून येणारा वारा बर्फ उडवत होता, मागे वळायला वाट नव्हती. माणसं रात्रभर अडकली. पुढे त्या रस्त्याच्या दुभाजकात, वेळ आली तर गाड्या उलट वळवता याव्यात म्हणून, खास जागा करण्यात आल्या.

यंत्रांना रस्ता मोकळा हवा, म्हणून शिकागोत १ डिसेंबर ते १ एप्रिल पहाटे तीन ते सात मुख्य रस्त्यांवर गाडी लावायला बंदी असते. बर्फ पडो न पडो. नव्याने आलेल्यांची गाडी डिसेंबरच्या पहिल्याच रात्री, निरभ्र आकाशाखालून उचलली जाते आणि दंड अधिक ओढून नेण्याचं भाडं मिळून चांगलाच फटका बसतो. घरापुढचा फुटपाथ साफ करणं ही घरमालकाची जबाबदारी. सकाळी सात ते संध्याकाळी सात या वेळेत पडलेला बर्फ रात्री दहाच्या आत आणि रात्री पडलेला सकाळी दहाच्या आत काढायचा, असा नियम आहे. तो सगळे पाळतात असं नाही. एका रिकाम्या प्लॉटपुढच्या वीस फूट बर्फामुळे काठी टेकत चालणाऱ्या म्हातारीला रस्त्यात उतरावं लागतं.

आणि मग खुर्च्या. घरापुढच्या रस्त्यावर तासभर खपून गाडीपुरती जागा मोकळी केली आणि गाडी घेऊन कामावर गेलं, तर संध्याकाळी ती जागा दुसऱ्याने बळकावलेली असते. म्हणून लोक तिथे मोडकी खुर्ची, इस्त्रीचं टेबल, बादली, मुलाची सायकल, काहीही ठेवून जातात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या आपल्या लोकांना याचं नवल वाटायचं कारण नाही. कायद्याने ही जागा कुणाचीच नसते आणि काही दिवसांनी पालिकेची माणसं ती अडगळ उचलून नेतात. पण तोवर ती खुर्ची हलवायची हिंमत सहसा कुणी करत नाही.

'अरे, एवढ्या बर्फात कशाला जातोस? रजा टाक ना,' असं फोनवर आई म्हणते. घरून काम करता येणाऱ्यांना हल्ली रजाही टाकावी लागत नाही, लॅपटॉप उघडला की झालं. आपले संगणकवाले बहुतेक यातच मोडतात. पण इस्पितळातली नर्स, वाण्याच्या दुकानातला गल्लेवाला, बसचा ड्रायव्हर, विमानतळावर सामान उचलणारा, यांना जावंच लागतं. इथल्या कामगार कायद्यात हा फरक स्पष्ट दिसतो. ठरलेल्या पगारावरच्या, ओव्हरटाइम न मिळणाऱ्या कर्मचाऱ्याने त्या आठवड्यात थोडंही काम केलं असेल आणि वादळामुळे कचेरी बंद राहिली, तर मालकाला त्याचा पगार कापता येत नाही. तासावर काम करणाऱ्याला मात्र न केलेल्या तासांचे पैसे द्यायचं बंधन नाही. दुकान बंद, तर कमाई बंद. म्हणूनच वादळाच्या सकाळी एलच्या फलाटावर दिसतात ती बहुतेक कमी पगाराची माणसं.

कपड्यांबद्दल थोडक्यात. एक जाडजूड कोट घालण्यापेक्षा तीन पातळ थर बरे. बाहेर उणे दहा आणि लोकलच्या डब्यात बावीस अंश, त्यामुळे काढत-घालत राहावं लागतं. अंगालगत सुती बनियन नको. सूत घाम धरून ठेवतं, मग गार पडतं. लोकर किंवा थर्मल घाला. पाच बोटांच्या हातमोज्यापेक्षा चारही बोटं एकत्र ठेवणारा मोजा उबदार. चालताना पावलं छोटी, तळवा पूर्ण टेकवलेला आणि हात खिशाबाहेर, म्हणजे घसरलात तरी तोल सावरता येतो. ऑफिसचे बूट पिशवीत, पायात बर्फाचे. मिठाचे डाग पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसले की जातात.

येत्या हिवाळ्यात तुमच्यापैकी कुणी शिकागो, टोरोंटो, बॉस्टन अशा गावी नोकरीवर रुजू होणार असेल, तर एवढं ऐका: लक्ष्मी रोडवरून किंवा दादरहून जाड जॅकेट घेऊन बॅगेतली जागा अडवू नका. तिथल्या थंडीचे कपडे तिथेच घ्या, नोव्हेंबर संपायच्या आत. पहिल्या पगारातून आधी बूट घ्या, जलरोधक, खोल खाचांचे, जाड मोज्यांसाठी अर्धा नंबर मोठे, आणि मग कोट. फोनवरचं हवामान सेल्सिअसमध्ये करून ठेवा. आणि पहिल्या दिवशी साहेबांना विचारायच्या प्रश्नांत हाही एक असू द्या: बर्फाच्या दिवशी घरून काम चालतं का?